आतली पेटी

सोमवार, ५ फेब्रुवारी

पोचले. बस वेळेवर आली, बॅगेचं चाक शाबूत राहिलं, आणि खोली फोटोत होती तेवढीच निघाली. हे तिन्ही एका दिवशी घडणं दुर्मीळ. खिडकीतून समोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा पत्रा दिसतो आणि त्यावर एक जाडं मांजर पसरलेलं असतं. घरमालकीण काकू खाली राहतात. मी जिना चढायच्या आत त्यांनी चहा पुढे केला आणि नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं.

ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. आम्ही दुकानांना, दवाखान्यांना, सलूनना क्यूआर कोडचे छोटे स्टँड करून देतो. गिऱ्हाइकानं तो फोननं स्कॅन करायचा आणि किती स्टार ते सांगायचं. चार किंवा पाच दिले, की त्याला थेट सार्वजनिक रिव्ह्यूच्या पानावर नेलं जातं, तिथं जगाला दिसेल असं लिहायला. चारच्या खाली दिले, की एक फॉर्म उघडतो, आभार मानतो, आणि लिहिलेलं सगळं आमच्याकडे येतं. बाहेर कुणालाच दिसत नाही. या साठ्याला इथं आतली पेटी म्हणतात. ही सगळी यंत्रणा सांभाळायची, हे माझं काम.

सर, म्हणजे मालक, हसतमुख आहेत. स्टँड छापून चिकटवणाऱ्यांना सगळे डिंकराव म्हणतात, आणि ते त्या नावाला ओ देतात. रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात. त्यांनी मला दारातच गाठलं, हात घट्ट धरला आणि ऑफिस किती चांगलं, सर किती चांगले, इथलं सगळंच किती चांगलं, हे सांगत राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं. नखं माझ्या मनगटात रुतली. कौतुक इतकं अंगावर आलेलं मला आवडत नाही. मी हात सोडवून घेतला.

नव्या माणसाच्या टेबलावर त्याचा स्वतःचा स्टँड ठेवतात. पहिला दिवस कसा वाटला? मी तीन दिले. माणसं चांगली, काम समजण्यासारखं, पण लिफ्ट बंद आणि स्क्रीनवर उन्हाची तिरीप. तीन म्हणजे चांगलंच. घरी मला पेपर तपासनीस म्हणतात. धाकटी बहीण म्हणते, ताईसमोर स्वर्ग ठेवला तरी ती म्हणेल, ठीक आहे, पण जिना जरा अरुंद आहे.

चला, मी पेटीत गेले, असं मी डिंकरावांना गमतीनं म्हटलं. त्यांनी खाली वाकून माझे आभार मानले. कशाबद्दल, ते कळलं नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

गरम पाणी येत नाही. काकूंना सांगितलं. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, आवडलं ना? आमच्या पाण्याचं सगळेच नाव काढतात. मी पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. त्या आणखी खूश झाल्या. कमी ऐकू येत असावं, नाहीतर बाई पक्की असावी. पक्कीच असणार.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आतली पेटी उघडून पाहिली. दुकानदारांना ती दर आठवड्याला पाठवली जाते, असं करारात आहे. प्रत्यक्षात पाठवणारा कोडच नाही. कधीच नव्हता. माणसं लिहीत राहिली आणि ते साचत राहिलं. एका उपाहारगृहात गॅसचा वास येतो, असं तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलंय. एका आजोबांनी लिहिलंय की दवाखान्यात त्यांना दुसऱ्याच पेशंटच्या गोळ्या दिल्या. खाली आपोआप गेलेलं उत्तर: तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलं आहे.

सरांना सांगितलं. उपाहारगृहाला आजच फोन करायला हवा, हेही सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते. मग बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाले, पोरीनं आठवड्याच्या आत आपल्या यंत्रणेची नस पकडली, म्हणते इतकी चोख व्यवस्था कुठं पाहिली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून म्हटलं, मी असं म्हटलेलं नाही. टाळ्या वाढल्या.

हे सगळे मिळून नव्या माणसाची फिरकी घेत असतील, तर विनोद लांबलाय. उपाहारगृहाला मीच फोन केला. त्यांनी माझे आभार मानले आणि पुन्हा जेवायला बोलावलं.

वहिनी रजेवर आहेत, असं कळलं.

सोमवार, १२ फेब्रुवारी

सरांना मेल केली, मुद्देसूद. उत्तर आलं: इतक्या मनापासून लिहिल्याबद्दल धन्यवाद, तुमची मेल भिंतीवर लावत आहोत. लावलीसुद्धा. भिंतीवर जाऊन वाचली. माझीच मेल आहे, शब्दन् शब्द. गॅसचा वास, गोळ्या, सगळं. लोक तिच्यासमोर चहा पितात आणि मला अंगठा दाखवून शाबासकी देतात.

आईला फोन केला. मी सहसा कुरकुर करत नाही. आज केली. पाणी गार, ऑफिसात कुणी ऐकून घेत नाही, सहा महिनेही काढेन असं वाटत नाही. पलीकडे आई रडायला लागली. म्हटलं, रडू नकोस, येते परत. ती म्हणाली, आनंदानं रडतेय गं, जन्मात पहिल्यांदा तुझ्या तोंडून उत्तम हा शब्द ऐकला. मग फोन धाकटीनं ओढून घेतला. म्हणाली, ताई, तुला काय झालंय, ताप आहे का, तू आणि कौतुक? आईचं अख्ख्या गल्लीला सांगून झालंय.

धाकटीला शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळतेय. मी म्हटलं, घे, इथल्यासारखं तरी नसेल. तिला काय ऐकू गेलं कोण जाणे, ती म्हणाली, मग तुमच्याकडेच जागा आहे का ते विचारते.

बुधवार, १४ फेब्रुवारी

आवाजात घोळ असेल तर लिहिण्यात नसेल. धाकटीला मेसेज टाकला: इथं काहीतरी बिघडलंय. मी सांगते ते कुणाला ऐकू जात नाही. इथं नोकरीचा विचार करू नकोस. आईलाही सांग.

उत्तर आलं, अगं किती गोड! मी म्हटलं, माझा मेसेज तुझ्या फोनवर दिसतोय तसा फोटो काढून पाठव. तिनं काढला. वर माझं नाव, तीच वेळ. खाली:

जागा स्वच्छ. माणसं प्रेमळ. सेवा तत्पर. एकदा अवश्य या.

मी आयुष्यात अवश्य हा शब्द वापरलेला नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

सुट्टीच्या दिवशी ऑफिसात गेले. पेटीत माझ्या स्टँडचा नंबर टाकून शोधलं. पहिल्या दिवशीची एकच नोंद असायला हवी: लिफ्ट, तिरीप.

पुष्कळ नोंदी आहेत. मंगळवारी काकूंना सांगितलेलं पाणी. सरांना सांगितलेला गॅसचा वास. आईशी फोनवर बोललेलं, माझ्या अडखळण्यासकट. धाकटीला टाकलेला मेसेज. कुठंही न लिहिलेलं एक वाक्यसुद्धा, जे मी खोलीत एकटी असताना मांजराला म्हटलं होतं. प्रत्येकाच्या खाली: तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलं आहे.

मग माझे तीन स्टार बदलून पाच करायला गेले. यंत्रणा म्हणाली, एका व्यक्तीचं मत एकदाच. डिंकरावांच्या ऑफिसात पडलेल्या जुन्या फोनवरून पाहिलं, तेच. थेट साठ्यात शिरून आकडा बदलला. पान पुन्हा उघडलं की तीन. या ऑफिसात एवढा एकच नियम कुणीतरी नीट लिहिलाय.

स्टँडवरचा कोड किल्लीनं खरवडला. वाचला जातोच. कोडात दुरुस्तीची सोय असते, बराचसा भाग गेला तरी उरलेल्यावरून तो स्वतःला पुरा करतो. हे मी डिंकरावांना पहिल्याच आठवड्यात कौतुकानं समजावलं होतं. आणखी खरवडला, पांढरा पत्रा दिसेपर्यंत.

सोमवार, १९ फेब्रुवारी

टेबलावर नवा स्टँड. मला आधीचा इतका आवडला होता म्हणे, की डिंकरावांनी जाड पुठ्ठ्यावर छापून दिला.

वहिनी रजेवरून आल्या. मी जिना चढत होते, त्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. विचारलं, किती दिलेस? मी म्हटलं, तीन. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, चल.

छपाईच्या खोलीमागे कोरे पुठ्ठे ठेवतात तिथं बसलो. मी म्हटलं, पाणी गार आहे. त्या म्हणाल्या, हो, त्या बाईकडे कायमच गार. मला रडू येईल असं वाटलं. एवढं साधं उत्तर मला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

वहिनींनी दोन दिले होते. रिसेप्शनची खुर्ची डुगडुगत होती म्हणून. ती अजून डुगडुगते. साधं बोलणं जातं, त्या म्हणाल्या, मीठ दे, दार लाव, किती वाजले. गोड बोललेलं तर धावत जातं. तक्रार अडते. नकार अडतो. भीती अडते. ते सगळं पेटीत. पेटीतल्यांना मात्र एकमेकांचं ऐकू येतं. आधी एकजण होता, तो गेला. कुठं, ते विचारलं नाही. घरी नवरा मित्रांना सांगतो, आमच्यात कित्येक वर्षांत भांडण म्हणून नाही. त्या सांगतात, तो हसतो. छातीत दुखतं हेसुद्धा सांगून झालं. त्यानं त्यांना फिरायला नेलं.

मी विचारलं, मग मला आधी का सांगितलं नाहीत. त्यांनी माझं मनगट उचलून धरलं. म्हणाल्या, पहिल्या दिवशी दारात तुझा हात धरून काय सांगत होते मी? स्कॅन करू नकोस, करायचंच तर पाच दे. तूच हात सोडवून घेतलास.

मनगटावरच्या खुणा आता गेल्यात.

बुधवार, २१ फेब्रुवारी

राजीनामा दिला. सरांनी वाचला, उठून हात मिळवला, सगळ्यांना चहा सांगितला. मी कायम राहणार आहे, असं जाहीर झालं.

धाकटीनं शाळेला नकार कळवला. सोमवारी इथं रुजू. सरांनी फोनवरच घेतलं तिला, दुकानोदुकानी जाऊन स्टँड बसवायला. अशा ताईची बहीण म्हणजे प्रश्नच नाही, म्हणाले.

ही वही डिंकरावांच्या हातात दिली. पानं उलटत गेले, थांबले, चष्मा पुसला. माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं, म्हणाले.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

डोकं चालवलं. गोड बोललेलं जातं ना? मग गोडच बोलायचं, पण दुसऱ्या गोष्टीबद्दल. धाकटीला फोन केला: शाळेतली नोकरी उत्तम आहे. प्रयोगशाळा उत्तम, घरचं जेवण उत्तम, आईजवळ राहणं सगळ्यात उत्तम. शब्द जसेच्या तसे गेले. तिनं परत म्हणून दाखवले, म्हणून कळलं. मी भिंतीला टेकून खाली बसले, इतकं बरं वाटलं.

ती म्हणाली, ताई, तू हल्ली सगळ्यालाच पाच देतेस. दोन्हीकडे सारखंच चांगलं असेल, तर मी तू आहेस तिथं येते.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

फोन उचलला नाही, मेसेज नाही. गप्प राहणं अडणार नाही, अशी अटकळ. आईचा काकूंना फोन: पोरगी कामात इतकी रमली की बोलायला वेळ नाही, असंच रमू दे.

बसस्टँडवर गेले. खिडकीत म्हटलं, घरचं तिकीट द्या. तिकीटवाल्यानं नव्या बाकड्यांची तारीफ केल्याबद्दल माझे आभार मानले. मग म्हणाला, पुढचे या. पुन्हा रांगेत उभी राहिले. पुन्हा आभार. इथून जाणं हाही नकारच धरला जात असावा.

तिकिटाशिवाय चढता आलं असतं. पण धाकटी उद्या निघणार — मी तिकडे आणि ती इकडे, मग तिला अडवणार कोण? वहिनी?

रविवार, २५ फेब्रुवारी

आली. बॅगेचं चाक तुटलेलं. बसमधून उतरून गळ्यात पडली.

हात धरला तिचा. सांगितलं. सगळं, तिथंच, फलाटावर. परत जा. आत्ता जा. हीच बस परत जाते. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, बास की, लोक बघतायत, इतकं कौतुक! मग म्हणाली, ताई, हात सोड, नखं लागतात.

सोडला नाही. तिनंच सोडवून घेतला.

घरी तिला गार पाणी लागलं. वरून ओरडली, ताई, तुझ्या काकूंचं पाणी बर्फ आहे! मी हो म्हटलं. तिला काय ऐकू आलं माहीत नाही. हसली.

तिचा फोन लपवायचा विचार केला. फोन काय, कुणाचाही देतील तिला.

सोमवार, २६ फेब्रुवारी

ऑफिस. ती सरांच्या केबिनमध्ये. तिच्या टेबलावर स्टँड आलाय. उचलून कचऱ्यात टाकला. डिंकरावांनी दुसरा आणून ठेवला, हसत.

वही दाखवली तिला. कालचं पान. वाचलं, डोळे भरून आले, म्हणाली, किती गोड लिहिलंस गं — गोड —

दुपार

वहिनी जेवत नाहीत. आम्ही दोघी तिच्याकडे बघतोय.

एक सुचलं. आधी का नाही सुचलं. पाच दे — एवढंच म्हणायचं. ती स्तुतीच आहे. अडणार नाही. तिनं पाच दिले की ती बाहेर राहील, माझं खरं बोलणं तिला ऐकू येणार नाही कधीच, पण बाहेर —

सांगितलं. पोचलं. पोट धरून हसली. म्हणे, हे कोण बोलतंय, आमचे पेपर तपासनीस?

खरं ते लिहायचं ठरवलं होतं, म्हणून लिहिते. क्षणभर वाटलं, तीन दिले तर ऐकेल. माझं ऐकेल. क्षणभरच.

संध्याकाळ

सगळे घरी निघालेत. ती फोन काढतेय. मी कोडावर हात ठेवला. तिनं बाजूला केला, लहानपणी मी पत्ते लपवायचे तेव्हा करायची तसा.

पाच दे. पाच दे म्हणतेय मी.

म्हणते, तूच शिकवलंस ना ताई, भिडेपोटी दिलेला गुण खोटा. लिफ्ट बंद, खुर्ची डुगडुगते. पण तू आहेस, त्याचेही धरायला हवेत — थांब, हिशेब करू दे —

पाच

पाठ आहे माझ्याकडे. बोट दिसत नाही.

दाबलं.

वळली. किती, ते सांगत नाही, गुपित म्हणे. वही मागतेय. ते गोड पान पुन्हा वाचायचंय तिला.

दिली.

उभी राहून वाचतेय. वहिनी खुर्चीतून उठल्यात.

हसत नाहीये. मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं. पहिल्या पानापर्यंत गेली. वही परत माझ्यापुढे ठेवली — मी लिहितेय ते खांद्यावरून वाचतेय आत्ता —

हसत नाहीये

माझं मनगट धरलंय. म्हणतेय, ताई, हे मला तू आधी का नाही सां